चौथ्या निकषाचे 'पॅकेज' आणि कोकणातला पावसाळा

महाविद्यालयांना 'नॅक'च्या मूल्यांकनासाठी सज्ज करून देणाऱ्या खासगी सेवांचे अलीकडे पेव फुटले आहे. भौतिक सुविधा, संगणक, इंटरनेट, ग्रंथालय आणि या सगळ्यांची कागदपत्रे असे एकत्र बांधून दिलेले 'चौथ्या निकषाचे पॅकेज' ही त्यांतलीच एक सेवा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनारी तालुक्यातल्या आमच्या अनुदानित महाविद्यालयाने ती घेतली, आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे काम माझ्याकडे असल्यामुळे पहिल्या सर्वेक्षणापासून देयके मंजुरीला पाठवण्यापर्यंतचा सगळा व्यवहार माझ्या टेबलावरून गेला. पुरवठादार मोठ्या शहरातला आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण हेच पॅकेज थोड्याफार फरकाने इतरही अनेक जण विकतात, आणि कोकणातल्या महाविद्यालयांना खरी गरज आहे ती त्यातला कोणता भाग घ्यावा आणि कोणता दारातूनच परत पाठवावा, हे कळण्याची. माझे मत आधीच सांगून टाकतो: ग्रंथालयाचा भाग उत्तम, सर्वेक्षण चांगले, नेटवर्कचे काम निकृष्ट आणि कागदपत्रांचा भाग न घेतलेलाच बरा.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे नॅक, ही विद्यापीठ अनुदान आयोगाची स्वायत्त संस्था १९९४मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय बंगळुरूला आहे. तिच्या सात निकषांपैकी चौथा निकष पायाभूत सुविधा आणि अध्ययन संसाधनांचा. संलग्नित महाविद्यालयांच्या श्रेणी पद्धतीत एकूण १,००० गुणांपैकी १०० गुण या निकषाला होते: भौतिक सुविधांना ३०, ग्रंथालयाला २०, माहिती तंत्रज्ञानाला ३० आणि देखभालीला २०. श्रेणीऐवजी 'मानांकित' किंवा 'मानांकित नाही' एवढाच निवाडा देण्याचे धोरण नॅकने जानेवारी २०२४मध्ये जाहीर केले, आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांवरचे मथळे रातोरात बदलले. आतली यादी मात्र तशीच राहिली. त्यात फारसे वावगे नाही, कारण पद्धत कोणतीही आली तरी संगणक किती, ग्रंथालय संगणकीकृत आहे का आणि खर्चाचे लेखापरीक्षित आकडे काय, हे प्रश्न विचारले जाणारच आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. पॅकेज विकणारे पहिल्या ८० गुणांबद्दल भरभरून बोलतात आणि देखभालीच्या २० गुणांवरून एका वाक्यात पुढे सरकतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारा महिने खारा वारा असलेल्या किनाऱ्यावर हे २० गुण सांभाळले नाहीत, तर उरलेले ८० दोन-तीन पावसाळ्यांत गंजून जातात.

सर्वेक्षणापासून सुरुवात करू. पुरवठादाराची दोन माणसे आली, त्यांनी प्रत्येक खोली मोजली, प्रत्येक संगणकाचा अनुक्रमांक टिपून घेतला आणि आमच्या डेडस्टॉक रजिस्टरशी तो ताडून पाहिला. हे काम त्यांनी खरोखर नेटाने केले. रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या पण जागेवर नसलेल्या, जागेवर असलेल्या पण नोंदच नसलेल्या, आणि नोंदही आहे, वस्तूही आहे पण ती चालत नाही, अशा तीन याद्या त्यांनी आम्हाला दिल्या. तिसरी यादी सगळ्यांत लांब होती. जुने मॉनिटर, बंद प्रिंटर आणि फुगलेल्या बॅटऱ्या वर्षानुवर्षे जिन्याखाली साठलेल्या असतात, कारण निर्लेखन करण्याचा ठराव कोणी मांडत नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाल्यामुळे हा माल आता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच देणे योग्य, हे त्यांनी लेखी नमूद केले आणि निर्लेखनाच्या ठरावाचा नमुनाही दिला. जोत्याची उंची मोजून त्यांनी दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी उताराचा आराखडाही काढला. बाराला एक या प्रमाणात दोन फूट उंच जोत्याला चोवीस फूट लांबीचा उतार लागतो, हे आमच्या आधीच्या बांधकाम ठेकेदाराला कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे जुना उतार घसरगुंडीच्या जवळ जाणारा होता. नव्या उताराच्या पृष्ठभागावर शेवाळ धरू नये यासाठी खरबरीत लादी घालण्याची सूचना मात्र आमच्या शिपायाची. ती सर्वेक्षणात नव्हती.

या सर्वेक्षणाचा एकच दोष सांगण्यासारखा आहे, आणि तो पुढच्या बऱ्याच बिघाडांच्या मुळाशी आहे. सर्वेक्षण फेब्रुवारीत झाले. फेब्रुवारीत कोकणातली प्रत्येक इमारत सुंदर दिसते. पश्चिमेच्या खिडकीतून झड कुठपर्यंत आत येते, कोणत्या भिंतीला ऑगस्टमध्ये ओल चढते, वीज गेली की किती वेळ जाते, यांतले काहीही फेब्रुवारीत दिसत नाही, आणि विचारल्याशिवाय कोणी सांगतही नाही. त्यांच्या आराखड्यात सर्व्हरचे कपाट तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत होते, कारण ती खोली रिकामी होती. ती रिकामी का आहे, हे त्यांनी विचारले नाही. खाडीपासून फार दूर नसलेल्या इमारतीत, २२ जुलै २०२१चा चिपळूणचा पूर ज्या जिल्ह्याने पाहिला त्या जिल्ह्यात, सर्व्हर तळमजल्यावर ठेवणे हा निव्वळ अविचार आहे. आम्ही तो वरच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर हलवायला लावला. छतावर वाय-फायच्या अँटेनासाठी उंच खांब उभारण्याचा प्रस्तावही असाच नाकारला. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात पत्र्यांचे काय केले, हे येथे सर्वांना ठाऊक आहे.

आता नेटवर्क, म्हणजे या पॅकेजचा सर्वांत कमकुवत भाग. दरपत्रकात 'कॅट-६ केबल, नामांकित कंपनीची' एवढेच लिहिलेले होते. आमच्या खरेदी समितीने तीन दरपत्रके मागवली, तुलनात्मक तक्ता केला, सर्वांत कमी दर स्वीकारला. कागदोपत्री सगळे बिनचूक. काम झाल्यावर पहिले काही महिने कोणतीही तक्रार नव्हती. मग पावसाळ्यात टोकाच्या वर्गांमधली वाय-फायची उपकरणे अधूनमधून आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागली. दूरध्वनीवरून उत्तर मिळाले की इंटरनेटचीच अडचण असेल. शेवटी आमच्याच गावातल्या, आयटीआय झालेल्या एका वायरमनला बोलावले. त्याने केबलचे टोक सोलले, आतली एक तार ब्लेडने खरवडली आणि खिडकीकडे धरून मला दाखवली. वर तांबूस, आत पांढरी. "सर, ही तांब्याची नाय. वरून नुसता मुलामा."

ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बाजारात सर्रास मिळते आणि ती बरीच स्वस्त असते, पण तिचा विद्युत रोध तांब्यापेक्षा जास्त असतो. केवळ संगणक जोडायचा असेल तर जवळच्या अंतरावर ती चालून जाते. वाय-फायच्या उपकरणांना मात्र वीजही त्याच केबलमधून पुरवली जाते, आणि लांब अंतरावर रोधामुळे विद्युतदाब इतका घसरतो की उपकरण तग धरत नाही. शिवाय जोडाच्या ठिकाणी, जेथे तार उघडी असते तेथे, खारी ओल पोहोचली की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि जोड निकामी होतो. डोंगरापलीकडच्या कोरड्या गावात हीच केबल कदाचित पाच वर्षे ओरडली नसती. म्हणून कोकणातल्या कोणत्याही महाविद्यालयाने मागणीपत्रातच 'पूर्ण तांब्याची, भरीव तारेची' असे शब्द घालावेत, माल आल्यावर प्रत्येक पेटीतला एक तुकडा खरवडून पाहावा आणि मगच पोच द्यावी. या परीक्षेला एक ब्लेड पुरते.

दुसरी चूक त्याहून महाग पडली. मुख्य इमारत आणि विज्ञान विभागाची इमारत यांच्यामध्ये मोकळे मैदान आहे. त्यावरून धातूच्या तारेचीच केबल टांगण्यात आली. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटरची असते, आणि हे अंतर त्याच्या जेमतेम अलीकडे-पलीकडे होते. पण अंतरापेक्षा मोठा धोका विजेचा होता. कोकणात पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात. दोन इमारतींमध्ये धातूची तार बांधली की एका इमारतीवरचा विजेचा लोंढा दुसरीत पोहोचवण्याची सोयच आपण करून ठेवतो. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळच्या गडगडाटानंतर विज्ञान विभागातला नेटवर्क स्विच जळाला आणि त्याच्याबरोबर प्रयोगशाळेतल्या संगणकांची नेटवर्क कार्डेही गेली. दोन इमारतींमध्ये ऑप्टिकल फायबरच हवी. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, आणि तिचा खर्चही आता अवाच्या सवा राहिलेला नाही. त्याच जोडीने अर्थिंगचा विचार व्हायला हवा होता, तो झाला नव्हता. जांभ्याच्या सड्यावर उभ्या असलेल्या इमारतीला चांगली अर्थिंग मिळवणे कठीण असते, कारण उन्हाळ्यात चिरा कोरडा ठणठणीत होतो. खड्डे खोल घ्यावे लागतात, एकाहून जास्त घेऊन जोडावे लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यांत पाणी ओतत राहावे लागते. पॅकेजमधल्या 'अर्थिंग प्रमाणपत्रा'वरची तारीख जुलैची होती. जुलैत कोकणातली जमीन चिंब असते, तेव्हा कोणतीही अर्थिंग उत्तम भरते.

इंटरनेटच्या वेगाबद्दल पुरवठादाराला दोष देता येणार नाही. मूल्यांकनासाठी जोडणीचे देयक आणि त्यावरचा वेग दाखवायचा असतो, आणि तो आमच्याकडे पुरेसा आहे. मात्र रस्त्याच्या कामात फायबर तुटली की त्या आकड्याला अर्थ उरत नाही, आणि राष्ट्रीय महामार्ग ६६च्या आसपास राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. दुसरी जोडणी वेगळ्या कंपनीची आणि, शक्य असल्यास, वेगळ्या वाटेने येणारी घ्यावी. एकाच खांबावरून आलेल्या दोन जोडण्या एकाच झाडाखाली तुटतात. हा सल्ला पॅकेजमध्ये होता आणि तो आम्ही मानला.

यूपीएसबद्दल थोडक्यात सांगतो. बॅटऱ्यांना थंडावा हवा असतो. साधारण पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना त्यांचे आयुष्य जवळपास निम्मे होते. आमच्या बॅटऱ्या धूळ बसू नये म्हणून बंद लाकडी कपाटात ठेवल्या होत्या. कपाटाची दारे आम्ही काढून टाकली.

संगणकांच्या बाबतीत परीक्षण थोडे नाजूक होते, कारण येथे पुरवठादाराने जे मागितले ते दिले, आणि काय मागावे हे ठरवताना विद्यार्थी-संगणक गुणोत्तरावरच सगळ्यांची नजर होती. हिशेब सोपा आहे: समजा १,२०० विद्यार्थी आणि ६० संगणक, तर गुणोत्तर वीसाला एक. संगणक ऐंशी केले की पंधराला एक. हा आकडा सुधारण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे नूतनीकृत जुने संगणक घेणे, आणि पॅकेजमध्ये तोच पर्याय पुढे केलेला होता. यंत्रे चकचकीत होती, चालतही होती. परंतु मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. स्वस्तात मिळणारे बहुतेक नूतनीकृत संगणक त्याआधीच्या पिढ्यांचे असतात. म्हणजे गुणोत्तर सुधारले, पण सुरक्षा अद्यतने थांबलेली यंत्रे प्रयोगशाळेत येऊन बसली, आणि पेन ड्राइव्ह घेऊन फिरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात याचा परिणाम काय होतो ते सांगायला नको. ही यंत्रे टाकून द्यावीत असे मी म्हणणार नाही. त्यांच्यावर उबुंटू ही मोफत कार्यप्रणाली बसवून ती ग्रंथालयात, ग्रंथशोधासाठी आणि ऑनलाइन वाचनासाठी, चांगली वापरता येतात. आम्ही बरीचशी तिकडे हलवली. लेखा विभाग आणि परीक्षा विभागात मात्र नवीच यंत्रे असावीत. दरपत्रकात 'आय-५ प्रोसेसर' एवढेच लिहून चालत नाही, पिढीही लिहून घ्यावी. आय-५ पंधरा वर्षांपूर्वीही होता.

वर्गांमध्ये बसवलेले मोठे स्पर्शपडदे छायाचित्रांत शोभून दिसतात. शिकवणाऱ्यांपैकी जे वापरायचे ते वापरतात. त्यांच्याविषयी यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे काही नाही, फक्त ते पश्चिमेच्या भिंतीवर लावू देऊ नयेत.

ग्रंथालयाच्या भागाकडे वळताना मन प्रसन्न होते. पॅकेजमध्ये 'कोहा' ही ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली बसवून देण्याचा समावेश होता. कोहा न्यूझीलंडमध्ये तयार झाली, २०००च्या सुरुवातीला एका सार्वजनिक ग्रंथालयात प्रथम वापरात आली आणि ती मुक्त स्रोत असल्यामुळे तिचा परवाना विकत घ्यावा लागत नाही; पैसे द्यायचे ते बसवण्याचे, प्रशिक्षणाचे आणि सांभाळण्याचे. आपल्याकडे इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ग्रंथालय-जाळे केंद्राची 'सोल' ही प्रणालीही अनेक महाविद्यालयांत आहे आणि ती चांगली चालते. आम्ही कोहा निवडली ती मुख्यतः तिचा ग्रंथशोध, म्हणजे ओपॅक, विद्यार्थ्याला मोबाइलवरून घरबसल्या पाहता येतो म्हणून. एसटीने तास-दीड तास प्रवास करून येणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तक जागेवर आहे की नाही हे आधी कळणे, ही सोय कोणत्याही गुणांकनापेक्षा मोठी आहे.

खरे काम जुन्या नोंदींचे होते. आमची आधीची नोंद युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांची समान संकेतपद्धती, येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये केलेली होती. संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नव्हतीच. रोमन अक्षरांवर मराठी मुखवटा चढवलेला होता, आणि तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर दाखल क्रमांकापुढे नुसती चिन्हांची रांगोळी दिसत असे. पुरवठादाराकडच्या तंत्रज्ञाने, बहुधा विशीतल्या मुलाने, सगळ्या नोंदी युनिकोडमध्ये आणल्या. त्यापुढचा पेच कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी उमटवता येते: एक सलग अक्षर म्हणून, आणि दुसरे 'अ'वर चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, शोधयंत्रणेला ती वेगळी वाटतात. 'कादंबऱ्या' या शब्दातल्या अर्ध्या 'र'चेही तेच. तो टंकण्याच्या निदान दोन पद्धती आहेत. परिणामी ग्रंथपालांनी एका पद्धतीने नोंदवलेले पुस्तक विद्यार्थ्याने मोबाइलवर दुसऱ्या पद्धतीने टंकले की सापडत नसे, आणि पुस्तक तर समोरच्या फडताळात असे. त्या मुलाने सर्व नोंदींतली ही रूपे एकसारखी करणारी छोटी आज्ञावली लिहून दिली, आणि कोहाच्या अनुक्रमणिकेची मूळची मांडणी बदलून देवनागरीला मानवणारी 'आयसीयू' मांडणी सुरू केली. मराठी पुस्तके असलेल्या प्रत्येक ग्रंथालयाने कोहा बसवून घेताना या दोन गोष्टी करारातच लिहून घ्याव्यात. न लिहिल्यास कोहा बसेल, तपासणीच्या दिवशी पडद्यावर दिसेल आणि मराठी पुस्तक शोधू पाहणारा विद्यार्थी दोनदा हात हलवत परत गेला की तिसऱ्यांदा येणार नाही.

आणखी एक मर्यादा. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी परदेशी ग्रंथालयांतून थेट उतरवून घेता येतात आणि त्यामुळे काम झपाट्याने होते. मराठी पुस्तकांच्या नोंदी तेथे असल्याच तर बहुधा रोमन लिपीत असतात, म्हणून त्या हातानेच कराव्या लागतात. पॅकेजच्या वेळापत्रकात दोन्ही भाषांना सारखाच वेळ धरला होता; आमच्या ग्रंथपालांनी आणि त्यांच्या सहायकांनी गणपतीची सुटी त्यात घातली. बारकोडच्या पट्ट्यांचेही सांगायला हवे. पहिल्या खेपेला साध्या उष्णतासंवेदी कागदावर छापलेल्या पट्ट्या आल्या. त्या ओलीत सुटू लागल्या आणि छपाई फिकट झाली. दुसऱ्या खेपेला त्यांनी रिबनवर छापलेल्या पॉलिएस्टरच्या पट्ट्या दिल्या, कोणताही जादा आकार न लावता; त्या अजून घट्ट आहेत. चूक दाखवल्यावर ती निमूट सुधारणारा हा त्यांचा एकमेव विभाग.

प्रणाली क्लाऊडवर ठेवावी की महाविद्यालयातल्या यंत्रावर, याबद्दल मतभेद झाले. पुरवठादाराला क्लाऊड हवा होता, कारण त्याचे वार्षिक शुल्क चालू राहते. आम्हाला इंटरनेट गेल्यावरही देवघेव चालू राहायला हवी होती. शेवटी मुख्य यंत्र ग्रंथालयात आणि रोज रात्री माहितीची प्रत बाहेर, असा मध्यम मार्ग निघाला, आणि माहितीवर मालकी महाविद्यालयाची राहील व ती मागताक्षणी 'मार्क' या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित नमुन्यात मिळेल, असे कलम करारात आले.

याच भागात एक गोष्ट खटकली. 'ई-संसाधन सुविधा' या शीर्षकाखाली दरपत्रकात जी रक्कम होती, तिच्यात प्रत्यक्षात इन्फ्लिबनेटच्या 'एन-लिस्ट' योजनेचे सभासदत्व काढून देणे एवढेच होते. एन-लिस्टचे सभासदत्व महाविद्यालयाला गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडून थेट घेता येते. अनुदानित महाविद्यालय म्हणून आम्ही भरलेली वर्गणी वर्षाला ५,००० रुपये आणि त्यावर कर, म्हणजे ५,९०० रुपये होती, आणि तेवढ्यात सहा हजारांहून अधिक नियतकालिके व लाखाहून अधिक ई-पुस्तके उघडत होती. मध्यस्थाची येथे काडीचीही गरज नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेली 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे, त्यामुळे खासगी संस्थांनी चालवलेल्या आमच्यासारख्या महाविद्यालयांना एन-लिस्टच आधार आहे. वर्गणी भरणे सोपे असते. विद्यार्थ्यांची खाती उघडून त्यांना ती वापरायला शिकवणे हे काम कोणतेही पॅकेज करत नाही, आणि वापराची आकडेवारी रिकामी असेल तर वर्गणीची पावती कितीही मोठ्या अक्षरांत जोडली तरी उपयोग नाही.

कागदपत्रांच्या भागाविषयी कडक लिहावे लागेल. अक्षांश-रेखांश उमटलेली छायाचित्रे, खर्चाच्या ताळेबंदातल्या ओळी पिवळ्या करून जोडणे, सनदी लेखापालांच्या सह्या, या यांत्रिक गोष्टी त्यांनी नीट करून दिल्या. पण देखभालीचे धोरण म्हणून जो मसुदा आला, त्यात एअर कूलरची उन्हाळ्यापूर्वी दुरुस्ती आणि लिफ्टची मासिक तपासणी यांवर सविस्तर परिच्छेद होते. आमच्याकडे कूलर नाहीत, कारण दमट हवेत त्यांचा उपयोग होत नाही, आणि लिफ्टही नाही. वाळवी, बुरशी, गळती, झडप, विजेपासून संरक्षण यांतला एकही शब्द त्यात नव्हता. असा मसुदा संकेतस्थळावर चढवला आणि माहितीच्या पडताळणीत किंवा समितीच्या भेटीत कोणी लिफ्ट दाखवा म्हणाले, तर काय दाखवायचे? धोरण आम्ही नव्याने लिहिले. त्यात मे महिन्याची कामे वेगळी, पावसातली वेगळी आणि ऑक्टोबरची वेगळी धरली: कौले चाळणे, पन्हळी साफ करणे, पश्चिमेच्या खिडक्यांना झडपा लावणे, पुस्तकांची कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, सुटीतही संगणक ठरावीक दिवशी सुरू करून तासभर तापू देणे. शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. बंद प्रयोगशाळेत ओल धरलेली यंत्रे सुटीनंतर एकदम सुरू केली की जळतात, हे आमच्या प्रयोगशाळा सहायकांना कित्येक वर्षांपासून माहीत होते. ते धोरणात कोणी लिहिले नव्हते, एवढेच.

वार्षिक देखभाल करारात तक्रारीनंतर अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल, असे कलम आहे. ते कोरड्या दिवसांत पाळले गेले. पावसाळ्यात घाटात दरड आली, रेल्वे उशिरा, रस्ता बंद, अशी कारणे येत राहिली, आणि ती खोटी नव्हती. कराराच्या शेवटच्या पानावर मात्र 'वीज पडणे, ओल, क्षार, कीटक व पूर यांमुळे झालेले नुकसान वगळून' असे बारीक अक्षरांत छापलेले आहे. हे सारे वगळल्यावर कोकणात बिघडण्यासाठी आणखी काय शिल्लक राहते, ते शोधूनही सापडत नाही.

नूतनीकरणाच्या वेळी आम्ही पॅकेज मोडून घेतले. ग्रंथालयाची प्रणाली आणि तिची देखभाल त्याच पुरवठादाराकडे ठेवली आहे, आणि ते काम त्यांना विनासंकोच द्यावे, अशी शिफारस मी इतर महाविद्यालयांनाही करीन. नेटवर्क, यूपीएस आणि अर्थिंग यांची देखभाल तालुक्यातल्याच दोन तंत्रज्ञांकडे दिली आहे. त्यांच्याकडे गुळगुळीत माहितीपत्रक नाही, पण वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटारसायकलवर हजर असतात, आणि त्यांच्या देयकांवर वस्तू व सेवा कराचा क्रमांक आहे ना, एवढे लेखापरीक्षणासाठी आधीच पाहून घ्यावे लागते. नव्या खरेदीच्या आदेशांत एक अट घातली आहे: पंचवीस टक्के रक्कम बसवणी झाल्यावर लगेच दिली जाणार नाही, ती पहिला पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर अखेरच्या तपासणीनंतर मिळेल, आणि अर्थिंगची मोजणी मे महिन्यात होईल. ही अट वाचून काही विक्रेत्यांनी दरपत्रक पाठवलेच नाही. ज्यांनी पाठवले, त्यांनी केबलचा नमुना सोबत जोडला होता.